फ्रीजच्या दारातलं पाणी

आमच्या गल्लीत तिला सगळे फ्रीजवाली म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. माझं शिवणकामाचं दुकान तिच्या दुकानाला लागून आहे. मधे एकच भिंत, आणि तीही अशी की तिच्याकडे कॉम्प्रेसर सुरू झाला की माझ्या टेबलावरच्या टाचण्या थरथरतात. मूळ दुकान तिच्या नवऱ्याचं. तो छातीत कळ येऊन गेला तेव्हा लोकांचे फ्रीज आत अर्धवट उघडलेले तसेच उभे होते. लोक आपापला माल न्यायला आले. ही म्हणाली, थांबा, करून देते. नवऱ्याशेजारी बसून इतकी वर्षं तिने नुसते स्क्रू हातात दिले नव्हते. सुरुवातीला गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "मेकॅनिक कुठे गेलेत?" ती पान्हा खाली न ठेवता सांगायची, "वर गेलेत. मी चालेन का?" हळूहळू लोकांना ती चालू लागली.

चालली नाही ती तिच्या थोरल्या भावाला. दादा एका मोठ्या कचेरीत साहेब, वहिनी शाळेत शिक्षिका. बहिणीने पिशवी खांद्याला लावून लोकांच्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसावं, हे दादाला पटत नव्हतं. तिला मूलबाळ नाही, दुकान विकून शांत बस, असं त्याने दोनतीनदा सुचवलं. तिने ऐकलं नाही. तेव्हापासून बोलणं होतं, जाणंयेणं होतं, पण बेताचं. दादाने दोन दारांचा भलामोठा फ्रीज घेतला तेव्हा हिला विचारलंसुद्धा नाही. शोरूममधून थेट घरी आणला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं. फ्रीज बिघडला की मात्र फोन हिलाच. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?

त्या फ्रीजच्या दारात पाण्याची सोय होती. दारातल्या कोनाड्यात पेला धरायचा, मागच्या पट्टीला टेकवायचा, गार पाणी पेल्यात. ही सोय आईसाठी म्हणून घेतली, असं दादा सगळ्यांना सांगे, आणि ते खोटं नव्हतं. आईची बोटं संधिवाताने वळली होती. तांब्या उचलता येत नव्हता, नळाची मूठ फिरत नव्हती. पण पेला दोन्ही तळव्यांत धरून पट्टीला टेकवणं तिला जमायचं. दादा आणि वहिनी सकाळी कामावर गेले की घरात ती एकटी. त्यात साखरेचा आजार, घसा सारखा कोरडा. आई दिवसभर खोलीतून फ्रीजपाशी आणि फ्रीजपासून खोलीत अशी फिरायची. फ्रीजवाली मला म्हणाली होती, "मास्तर, दादाने आयुष्यात एक काम चांगलं केलं बघा."

पहिला फोन आईचा आला. पाणी फार हळू येतंय म्हणाली. पेला भरेपर्यंत उभं राहवत नाही, हात थरथरतात, काल पेला निसटून फुटला. फ्रीजवाली दुपारचं काम टाकून गेली.

तिने बघितलं तर खरंच, पाणी कसलं, नुसता दोरा. आई शेजारी स्टुलावर बसून बघत होती. पाणी हळू येण्याचं पहिलं कारण नेहमी फिल्टर. फ्रीजच्या आत वरच्या कोपऱ्यात तो बसवलेला असतो, आणि लोक तो वर्षानुवर्षं बदलत नाहीत. हिने काढून बघितला, बऱ्यापैकी मळलेला होता. पाण्याच्या कामाला हात लावायचा तर आधी कॉक बंद, ही तिच्या नवऱ्याची शिकवण. कॉक सिंकखालच्या कपाटात, साबणाच्या बाटल्या आणि कचऱ्याच्या डब्यामागे. तिथून करंगळीपेक्षा बारीक पांढरी नळी कपाटांच्या पाठीमागून फ्रीजपर्यंत गेलेली. हिने बाटल्यांमधून हात घालून कॉक बंद केला, नवा फिल्टर बसवला, कॉक पूर्ण उघडला. पेला धरला तर भसकन भरला, वर थोडं पाणी सांडलं. आई हसली. दोन पेले लागोपाठ प्यायली. फ्रीजवालीने मळका फिल्टर टेबलावर ठेवला, म्हणजे दादा संध्याकाळी आला की त्याला दिसावा, आणि घरी आली.

महिना झाला नसेल, पुन्हा आईचा फोन. पुन्हा तोच दोरा. नवा फिल्टर इतक्यात तुंबणं शक्य नव्हतं. हिने फ्रीज पुढे ओढला. मागची नळी भिंतीला दाबली जाऊन एके ठिकाणी चपटी झाली होती. हे दुसरं नेहमीचं कारण. फरशी पुसताना कुणीतरी फ्रीज मागे ढकलतं आणि नळी चेपते. तिने कॉक बंद करून तेवढा तुकडा कापला, नवा जोडला, कॉक उघडला. पाणी आलं. तिने वहिनीला फोन करून सांगितलं की फ्रीज मागे रेटू नका, वीतभर जागा सोडा. वहिनी बरं म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली, बरं.

तिसऱ्या खेपेला हिने फ्रीजच्या पाठीमागचा व्हॉल्व्ह बदलला, विजेवर उघडझाप करतो तो. जुना तपासला तेव्हा त्यात तिला काही दोष दिसला नव्हता. पण फिल्टर नवा, नळी नवी, मग राहिलं काय? पुन्हा कॉक बंद, व्हॉल्व्ह बदल, कॉक उघड. आणि पुन्हा पाणी झकास. मला म्हणाली, "मास्तर, त्या फ्रीजला माझी सवय लागलीय. मी गेले की नीट चालतो." आम्ही दोघं हसलो.

चौथ्यांदा फोन आला तेव्हा ती खजील झाली होती. जिच्या हातचं काम परत येत नाही अशी तिची ख्याती, आणि आईच्याच घरचं काम तीनदा परत आलं होतं. आता एकच शंका उरली होती, दाराच्या आत नळीत बर्फ धरत असणार. दार उघडायचं म्हणून तिने सवयीने सिंकखाली हात घातला आणि कॉक बंद करायला फिरवला. तो फिरलाच नाही. जेमतेम हलला आणि अडला. तिला वाटलं गंजला. उलटा फिरवून बघितला तर लोण्यासारखा फिरला; फिरत राहिला. दाराला, व्हॉल्व्हला, कशालाच हात न लावता तिने पेला धरला. भसकन भरला.

ती तशीच फरशीवर बसून राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोष फिल्टरचा नव्हता, नळीचा नव्हता, व्हॉल्व्ह तर ठणठणीत होता. दर वेळी ती कॉक बंद करून काम करत होती, आणि काम झाल्यावर पूर्ण उघडत होती. त्या उघडण्यानेच पाणी येत होतं. बाकी सगळी तिची मेहनत फुकट. आणि गोल मुठीचा तो कॉक असा, की बघून कळत नाही उघडा आहे की बंद. फिरवेल त्यालाच कळतं, आणि आधीच्या खेपांना तो किती फिरतो इकडे हिचं लक्षच गेलं नव्हतं. गोल मुठीचा कॉक आपोआप बंद होत नसतो.

तिने आईकडे बघितलं. विचारलं, इथे सिंकखाली कोण हात घालतं? आईने पेला ओठाला लावला आणि पाणी संपेपर्यंत काढला नाही. मग म्हणाली, मला काय माहीत, मला वाकता येतं का?

ती थांबली. दुकान बंद राहिलं त्या दिवशी, म्हणून मला आठवतं. वहिनी शाळेतून आली. नणंद स्वयंपाकघरात बसलेली आणि सिंकखालच्या बाटल्या बाहेर काढून ठेवलेल्या, एवढं बघून वहिनी काय ते समजली. तिने पर्स खाली ठेवली आणि सांगून टाकलं, की ते मी करत नाही. चहा करते, तुझा दादा येईलच, त्यालाच विचार. दोघींनी चहा घेतला.

दादा आला. त्याने नाकारलं नाही. "बंद नाही केलं," तो म्हणाला. "कमी केलं."

"का?"

"ती दिवसभर पाणी पिते आणि रोज गादी ओली करते. रोज. दिवसा ठेवलेली बाई त्याच पायी सोडून गेली. दुसरी येते, चार दिवसांत जाते."

"तिला साखर आहे, दादा. तहान लागते म्हणून पिते ती."

"मला शिकवू नकोस. गोळ्या मी आणतो."

"पाणी कमी करा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

"डॉक्टर येतो का गादी उन्हात घालायला?" दादाचा आवाज चढला नव्हता. "तू येतेस? सकाळी कामावर जायच्या आधी मी गच्चीवर गादी चढवतो. शेजारी बघतात. एकानेही आजवर विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळलंय."

गादी उन्हात घालायला ती कधीच गेली नव्हती. तिने ते मला सांगताना लपवलं नाही. तरी ती म्हणाली, मग आईला सरळ सांगायचं होतं. दादा हसला. सरळ सांगितलं असतं तर आई दोन दिवस घोटभरही प्यायली नसती आणि अख्ख्या नात्यात झालं असतं की मुलाने पाणी तोडलं. हे बरं होतं. पाणी हळू येतं, ती उभी राहून कंटाळते, अर्धा पेला पिऊन बसते. कुणाला बोल नाही. यंत्राचा दोष.

"आणि मला चार वेळा येऊ दिलंस. नळी कापू दिलीस. नवा व्हॉल्व्ह बसवला मी तुझ्या फ्रीजला."

"तुला आई बोलवत होती. मी काय सांगणार होतो, येऊ नकोस, कारण..." वहिनी कप विसळत उभी होती, पाठ करून.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि आई पलंगावर बसलेली होती. तिला सगळं ऐकू जात होतं हे तिघांनाही माहीत होतं. फ्रीजवाली म्हणाली की उद्यापासून तो कॉक मी रोज येऊन बघणार. तेव्हा दादाने ते वाक्य टाकलं, जे अशा वेळी प्रत्येक घरात कुणीतरी टाकतंच.

"एवढं वाटतं तर घेऊन जा."

ती आईला घेऊन आली. तेव्हाच, त्याच संध्याकाळी, दोन पिशव्या आणि गोळ्यांचा डबा. आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. गाडीत बसेपर्यंत मागे वळून दादाकडे बघत होती. दादा फाटकापर्यंत आला होता.

फ्रीजवालीचं घर म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. संडास अंगणापलीकडे, मधे दोन पायऱ्या. तिने पायऱ्यांच्या कडेला पाइपचा कठडा ठोकला. भंगारातल्या एका फ्रीजच्या दारातलं पाण्याचं तोंड काढून उंच ठेवलेल्या टाकीला बसवलं, पट्टीसकट, म्हणजे आईला तसाच पेला टेकवता यावा. पाणी गार नव्हतं, पण यायचं जोरात. मला बोलावून दाखवलं. मी पेला टेकवून बघितला, माझ्या बाहीवर उडालं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग तिलाही दादाचं म्हणणं अंगावर आलं. सकाळी गादी, दुपारी चादर, संध्याकाळी पुन्हा चादर. दुकानाच्या मागे दोरीवर ओळीने कपडे. कामं तर घरोघर जाऊनच करायची, त्यामुळे आई दिवसाचा बराच वेळ एकटी. मी अधूनमधून डोकवायचो, पेला भरून द्यायचो. म्हातारी कधी घ्यायची, कधी मान हलवायची. कॉम्प्रेसरच्या आवाजाने तिचं डोकं धरायचं. गॅसच्या वासाने खोकला यायचा. एकदा फ्रीजवाली दिवसभर राबून आली आणि गादीला हात लावून म्हणाली, "अगं आई, किती वेळा?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी आई सकाळपासून दुपारपर्यंत टाकीकडे फिरकली नाही. फ्रीजवालीच्या ते लक्षात आलं. संध्याकाळी तिने स्वतः पेला भरून आईच्या ओठांशी धरला आणि ती सगळं पाणी पिईपर्यंत धरून बसली. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही.

आई दुकानात येऊन बसू लागली. गिऱ्हाईक आलं की विचारल्याशिवाय सांगायची, माझ्या मुलाकडे फार मोठा फ्रीज आहे, दारातून पाणी येतं, बर्फही येतो. गिऱ्हाईक म्हणायचं, हो का आजी? मग आई सांगायची, मुलगा साहेब आहे, मला फार जपतो, इकडे जरा हवापालट म्हणून आलेय. फ्रीजवाली खाली मान घालून स्क्रू पिळत राही. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं मी एकदा तिला बोललो. ती म्हणाली, बोलू दे हो मास्तर, बोलण्याने काही गादी ओली होत नाही.

मग एक दिवस ती माझ्याकडे आली आणि कापडाच्या तागांवर टेकून बसली. सहसा बसत नाही. म्हणाली, आईला सगळं आधीपासून माहीत होतं.

झालं असं होतं. दुपारी तिने आईला सहज म्हटलं, की दादाने असं करायला नको होतं, तुला फसवायला नको होतं. तर आई म्हणाली, फसवलं कुठे? मी पहिल्याच दिवशी बघितलं त्याला सिंकखाली वाकताना. हिला आधी कळेना. ती म्हणाली, तुला माहीत होतं, तर मला फोन करून फ्रीज बिघडला असं का सांगत होतीस? आणि मी फिल्टर बदलत होते, नळ्या कापत होते, तू शेजारी बसून बघत होतीस, ते?

आई म्हणाली होती, "तू आलीस की पाणी यायचं. कुणाचं नाव घ्यावं लागत नव्हतं."

"आणि मी?"

"तुला काय, तुझा धंदाच आहे तो."

तिने मला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. ती फक्त पुन्हा पुन्हा आईचं पुढचं वाक्य म्हणत राहिली. आई म्हणाली होती, "मला पाणी हवं होतं गं, भांडण नको होतं. चाललं होतं ते चालू दिलं असतंस. तू भांडलीस, आणि माझं घर सुटलं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तिला काय सांगणार? मी म्हटलं, म्हातारं माणूस, मनावर घेऊ नये. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि कामाला गेली.

त्यानंतर आईने एकच धोशा लावला, मला घरी पोचव. शेजाऱ्यांकडून तिने दादाला फोन लावून घेतले. दादा येतो येतो म्हणाला, आणि आला नाही. पण नात्यातली माणसं विचारू लागली होती, की मुलगा असताना आई मुलीच्या दुकानामागे कशी? असं पाचसहा ठिकाणांहून कानावर आल्यावर दादा आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली, चालत आला. दुकानातल्या उघड्या फ्रीजांमधून अंग चोरत आत गेला. बहिणीला म्हणाला, नवी बाई मिळाली आहे, रात्रीचीही. आईच्या पिशव्या भरून तयारच होत्या. तिनेच भरल्या होत्या, त्या वाकड्या बोटांनी. किती वेळ लागला असेल कोण जाणे.

निघताना आईने मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता फ्रीज बघायला येऊ नकोस हं. उगाच पुन्हा काहीतरी निघेल."

फ्रीज बघायची वेळ आलीच नाही. दादाने कंपनीचा माणूस बोलावून दारातल्या पाण्याची जोडणीच काढून टाकली. नळी कापली, तोंड बंद केलं. वहिनीने फोनवर तसं सांगितलं, जरा चाचरतच. आता बाई ठरलेल्या वेळी आईला कपाने पाणी देते, डॉक्टरांना विचारून ठरवलंय, असं ती म्हणाली. डॉक्टरांना खरंच विचारलं होतं की नाही, हे फ्रीजवालीने विचारलं नाही.

ती पंधरा दिवसांतून एकदा जायची. पाहुण्यासारखी बाहेरच्या खोलीत बसायची. एकदा आईचे ओठ इतके सुकलेले दिसले की ती न विचारता उठली, आत जाऊन पेला भरून घेऊन आली. आईने पेल्याकडे बघितलं, मग समोर पेपर वाचत बसलेल्या दादाकडे बघितलं, आणि म्हणाली, "नको, आत्ताच प्यायले." दादाने पेपरातून डोकं वर काढलं नव्हतं. त्याने काही सुचवलं नव्हतं, डोळे वटारले नव्हते, काही नाही. पेला तसाच टेबलावर राहिला. घरी येताना तिला वाटलं की तो तरी सरकवून आईच्या हाताशी ठेवायला हवा होता. तेही सुचलं नाही.

पुढच्या थंडीत आई गेली. आजार असा मोठा नव्हता. आधी ताप, मग लघवीचा त्रास, मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं. फ्रीजवालीला त्यातलं किती कमी पाण्यामुळे आणि किती वयामुळे हे कुणी सांगितलं नाही, आणि ज्यांना विचारावंसं वाटेल अशी माणसं तिला उरली नव्हती. दादा दवाखान्यात सगळे दिवस खुर्चीवर बसून होता, हेही खरं आहे. तिने स्वतः बघितलं.

सगळं आटोपल्यावर काही दिवसांनी तिची मावशी दुकानात आली. आईची धाकटी बहीण, दुसऱ्या गावाहून आलेली, जाण्याआधी भाचीला भेटायला. मी तेव्हा तिथेच होतो, माझ्या शिलाई मशीनची मोटर दाखवायला नेली होती. मावशीने इकडचं तिकडचं विचारलं, खोल्यांमधून फिरून बघितलं, उंचावरच्या त्या टाकीकडेही बघितलं. ती काय आहे हे तिला कळलं नाही. मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "राग मानू नकोस, पण आलेय तर बोलते. तुझ्याकडे होती तेव्हा तिला पाण्याचे फार हाल झाले असं ती सांगायची. दिवस दिवस कुणी पेलाभर द्यायला नसायचं म्हणे. कामधंदा असतो, मला कळतं. पण आई होती गं ती."

मी हातातली मोटर खाली ठेवली. मी या भिंतीपलीकडे बसतो. त्या टाकीतून मी स्वतः त्या म्हातारीला पेले भरून दिले आहेत. मी बोलायला तोंड उघडलं तर फ्रीजवालीने मावशीला दिसणार नाही असा हात खाली हलवला. मी पुन्हा मोटर हातात घेतली.

तिने मावशीला विचारलं, हे आणखी कुणाला सांगितलं होतं आईने?

"सगळ्यांना," मावशी म्हणाली. "शेवटी शेवटी तेच बोलायची. मुलाने मात्र फार केलं तिचं. नशीब लागतं असा मुलगा मिळायला."

फ्रीजवाली हो म्हणाली. मावशीला चहा दिला, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आली. परत आल्यावर मी म्हटलं, तुम्ही मला बोलू द्यायला हवं होतं. निदान कॉकचं तरी सांगायचं.

तिने माझी मोटर उघडली होती आणि आतल्या ब्रशवरची काजळी पुसत होती. "कसं सांगणार, मास्तर? आता दादाचं खरं सांगायचं तर आईला खोटं पाडावं लागेल. तिने तेवढ्यासाठीच सांगून ठेवलं असणार सगळ्यांना." ब्रश पुन्हा जागेवर बसवत म्हणाली, "पक्कं काम केलंय. कुठून सोडवायचं तेच कळत नाही."

दादाची आणि तिची बोलाचाल आता नाही. भांडण असं झालंच नाही. त्याने फोन करायचा थांबवला आणि हिने वाट बघायची थांबवली. वहिनीचा कधीतरी फोन येतो, तब्येत विचारते, फोन ठेवायच्या आधी काहीतरी बोलायचं आहे असं थांबते आणि मग ठेवते.

मोटर तिने त्या दिवशी दुरुस्त करून दिली. मशीन चालतंय.